अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तरी मासे मरतायत? आधी श्रिंपकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा. मुलुंडमधल्या घरात ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच खाऱ्या पाण्याचा टँक आहे, आठ महिने चाललेला. खाली संप (फिल्टरची टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), आत एक वेव्हमेकर (प्रवाह करणारा पंप). जूनच्या पहिल्या आठवड्यात पावडर ब्लू टँग हा मासा आणला. नवव्या दिवशी त्याने खाणं सोडलं, दहाव्या दिवशी गेला. पुढच्या चार दिवसांत दोन डॅमसेल, एक गोबी आणि दोनपैकी एक क्लाउनफिश गेला. कुणाच्या अंगावर ठिपका नाही, जखम नाही. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १५, पीएच ८.१, ग्रॅव्हिटी (खारटपणाचं माप) १.०२५, तापमान २८ ते २९. त्याच आठवड्यात सोसायटीत पेस्ट कंट्रोल झालं आणि एका रात्री दोन तास लाइट गेली होती. क्लीनर श्रिंप, हर्मिट खेकडे, गोगलगाई मात्र मजेत आहेत. उरलेला क्लाउन वेव्हमेकरच्या तोंडासमोर उभा असतो. दुकानदाराचं म्हणणं, पाणी खराब झालंय, सगळं बदला.

सगळं पाणी बदलू नका. पाण्याचा यात दोष दिसत नाही. हा बहुधा व्हेल्वेट नावाचा परजीवी रोग आहे, टँगबरोबर आलेला, आणि क्लाउनला वाचवायचं असेल तर हातात आजची रात्र आणि उद्याचा दिवस आहे. त्यामुळे आधी त्याचं काय करायचं ते सांगतो. बाकीच्या संशयितांकडे नंतर येऊ, कारण ज्यांच्या टँकमध्ये चित्र वेगळं आहे त्यांना तेच लागेल.

टेस्ट किट फक्त चार-पाच गोष्टी मोजतं. परजीवी, कीटकनाशक, तांबं, ऑक्सिजन यांतलं काहीच त्यात येत नाही. म्हणून मासे मेले की किटआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: कोण मेलं, कोणत्या क्रमाने, आणि कोण जगलं. तुमच्याकडे पाच दिवसांत पाच मासे एकेक करून गेले आणि श्रिंपला काहीही झालं नाही. पेस्ट कंट्रोलमध्ये वापरतात ती सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी औषधं कवचधारी प्राण्यांना माशांपेक्षाही कितीतरी कमी मात्रेत मारतात. ते औषध पाण्यात गेलं असतं तर सगळ्यात आधी श्रिंप आडवी पडली असती. म्हणजे पेस्ट कंट्रोलवाला सुटला. लाइट जाऊन ऑक्सिजन संपला असता तर मासे त्याच रात्री, फार तर सकाळपर्यंत गेले असते, आणि मोठे आधी. चार दिवस रांग लागली नसती. तेही सुटलं. नायट्रेट १५ ला तर उगाच बदनाम केलं जातं. फक्त मासे असलेल्या टँकमध्ये ४० नायट्रेटवरही मासे सुखाने राहतात. नायट्राइटसुद्धा गोड्या पाण्यात घातक असतं तितकं समुद्री पाण्यात नसतं, कारण पाण्यातलं भरपूर क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

उरतं ते फक्त माशांनाच धरणारं काहीतरी. नवीन मासा आल्यावर आठ-दहा दिवसांनी सुरू होणारं, झपाट्याने पसरणारं आणि अंगावर खूण न ठेवणारं. व्हेल्वेट ज्याच्यामुळे होतो तो अमायलूडिनियम ओसेलॅटम हा एकपेशीय परजीवी नेमका असाच वागतो. तो पहिल्यांदा कल्ल्यांत बसतो. अंगावर सोनेरी पिठीसारखा थर दिसेपर्यंत बहुतेक मासे गेलेले असतात. माशाला चिकटलेला जीव काही दिवस पोसला जातो, मग सुटून वाळूत किंवा दगडावर गाठ करून बसतो आणि त्या एका गाठीतून २५६ पर्यंत पोहणारी पिल्लं बाहेर पडतात. टँगच्या कल्ल्यांत पहिल्या दिवशी मोजकेच असतील. तुम्हाला नऊ दिवस सगळं ठीक वाटलं, त्या काळात त्यांची एक-दोन पिढ्यांची वाढ झाली.

आज रात्री खात्री करून घ्या. टँकचे आणि हॉलचे दिवे बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून बाजूने तिरका मारा. समोरून मारला तर काही दिसणार नाही. पाठीवर, डोक्यावर, परांच्या मुळाशी तांबूस-सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसली तर व्हेल्वेट नक्की. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, वेगळा. त्यात मिठाच्या दाण्यांएवढे ठिपके सुटे सुटे मोजता येतात, आणि ते आज दिसतात, दोन दिवसांनी गायब होतात, मग पुन्हा जास्त येतात. धूळ दिसली नाही तरी निश्चिंत होऊ नका. मोबाइलवर मासा शांत असतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि कल्ल्याचं झाकण किती वेळा उघडतं ते मोजा. मिनिटाला शंभराच्या पुढे गेलं, शिवाय मासा उजेड टाळतोय आणि प्रवाहात तोंड घालून उभा आहे, तर कल्ले भरलेले आहेत. प्रवाहात उभं राहणं म्हणजे खेळ नव्हे. कमी कष्टात जास्त पाणी कल्ल्यांवरून जावं म्हणून तो तिथे थांबतो.

दुर्दैवाने आणखी एखादा गेलाच, आणि सूक्ष्मदर्शक मिळण्यासारखा असेल तर (कॉलेजात असतो तो साधा चालतो, प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानांत विकतही मिळतो), मासा ताजा असतानाच, पहिल्या तासाभरात बघा. मेलेल्या माशावरून परजीवी लवकर उतरतात. फ्रीझरमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी बघण्यात काही अर्थ नाही. कल्ल्याचं झाकण वर उचला, लहान कात्रीने लाल तंतूंचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा कापा, काचपट्टीवर टँकच्याच पाण्याच्या थेंबात ठेवा, वर झाकणकाच. शंभर पट मोठं करून बघताना तंतूंना चिकटलेल्या, अजिबात न हलणाऱ्या, गडद तपकिरी गोल किंवा नासपतीच्या आकाराच्या पिशव्या दिसल्या तर व्हेल्वेट. मोठा गोळा हळूहळू स्वतःभोवती फिरत असेल तर क्रिप्टोकॅरिऑन. राजम्याच्या आकाराचे, सरकत जाणारे बरेच जीव म्हणजे ब्रूकलिनेला. हा क्लाउनचा खास शत्रू, पण त्यात अंगावर पांढरट चिकट बुळबुळीत थर सुटतो, जो तुमच्याकडे दिसलेला नाही. तेव्हा त्याला बाजूला ठेवू.

आता उपचार. मुख्य टँकमध्ये औषध घालायचं नाही. तांबं दगडात आणि वाळूत मुरतं, श्रिंप आणि गोगलगाई मरतात, आणि मात्रा कधीच स्थिर राहत नाही. नवा ४० लिटरचा टँक किंवा खाण्याच्या वस्तूंसाठी चालणारा कोरा प्लास्टिक टब घ्या. त्यात ताजं मिसळलेलं खारं पाणी, स्पंज फिल्टर, एअर पंप, लपायला पीव्हीसीचा एक एल्बो. वाळू, दगड, कार्बन काही नाही. ग्रॅव्हिटी मुख्य टँकइतकीच.

क्लाउनला आधी गोड्या पाण्यात बुडवून काढा. आरओचं पाणी, तापमान टँकइतकंच, अर्धा तास एअर स्टोन लावून ठेवलेलं, खायचा सोडा चिमूटचिमूट घालून पीएच ८.२ च्या आसपास आणलेलं. त्यात पाच मिनिटं, समोर बसून. पहिल्या मिनिटात मासा आडवा पडतो, घाबरू नका, तो बहुतेकदा सावरतो. गोल गोल गरगरायला लागला तर मात्र लगेच काढा. याने रोग जात नाही, कल्ल्यांवरचा भार थोडा उतरतो आणि तांब्याचा असर होईपर्यंत वेळ मिळतो. बुडवल्यावर अंगावरून चपट्या पांढऱ्या चकत्या गळून तळाशी पडल्या तर फ्लूक, म्हणजे चपटे कृमीही आहेत असं समजा. त्यावर लिटरला २.५ मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल हे कृमींचं औषध, आठवड्याने दुसरा डोस. पण ते तांब्याचं काम मार्गी लागल्यावर.

तांबं दोन प्रकारचं मिळतं आणि गोंधळ इथेच होतो. चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनाने बांधून ठेवलेल्या तांब्याची मात्रा २ ते २.५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). साध्या आयनिक, म्हणजे मोकळ्या तांब्याची ०.१५ ते ०.२० पीपीएम. एकाची मात्रा दुसऱ्याला लावली तर एक तर रोग जात नाही, नाहीतर मासा जातो. शक्य असेल तर चिलेटेडच घ्या. कारण असं की आपल्याकडे जास्त करून वापरला जाणारा हॅना कंपनीचा हाय रेंज तांबे-चेकर निदान ०.०५ पीपीएम इकडे-तिकडे वाचू शकतो. २.२५ मोजताना तेवढ्याने बिघडत नाही. ०.१५ आणि ०.२० यांतला फरकच मुळात ०.०५ आहे, तिथे तो आंधळा आहे. बाटलीतलं औषध पहिल्या चोवीस तासांत तीन-चार हप्त्यांत घालून पूर्ण मात्रेवर आणा. इतर रोगांत दोन-तीन दिवस घेतले तरी चालतात, व्हेल्वेट तेवढी सवलत देत नाही.

चिलेटेड मिळालंच नाही आणि मोरचुदावर (कॉपर सल्फेट) वेळ आली, तर शेतीच्या दुकानातलं नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या. त्यात २५ टक्क्यांच्या जरा वर तांबं असतं. ३.९३ ग्रॅम मोरचूद एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवलं की एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम तांबं येतं. ४० लिटरला ०.२ पीपीएम म्हणजे ८ मिलिलिटर, ते दोन हप्त्यांत बारा तासांच्या अंतराने. खाऱ्या पाण्यात हे तांबं सतत तळाशी बसत राहतं, म्हणून दिवसातून दोनदा मोजायचं, आणि इथे लो रेंजचं किट लागतं. चिमटीने अंदाजे टाकायची ही गोष्ट नाही. ४० लिटरला पूर्ण डोसच मुळी सुमारे ३१ मिलिग्रॅम मोरचुदाचा होतो, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो दिसणारही नाही.

या टबात अमोनिया वाढेल, कारण स्पंज कोरा आहे. खाणं दिवसातून एकदा, अगदी थोडं. रोज २० ते ३० टक्के पाणी बदला, पण बदलीच्या पाण्यात तितकंच तांबं आधीच घालून. अमोनिया किंवा क्लोरीन मारणारं कंडिशनर तांब्याबरोबर अजिबात वापरू नका. त्यातली रसायनं तांब्याचं रूप बदलतात आणि ते माशाला जास्त विषारी होतं. मात्रा एकदाही खाली न जाता ३० दिवस. मधे एक दिवस जरी ती उतरली तरी मोजणी पहिल्यापासून.

गोड्या पाण्यात मासे पाळलेले लोक तुम्हाला टँक अंधारात ठेवायला सांगतील. तिथल्या व्हेल्वेटला उजेड लागतो, समुद्री व्हेल्वेटला लागत नाही. ग्रॅव्हिटी १.००९ वर आणायचा उपायही इथे चालत नाही. तो पांढऱ्या ठिपक्यांवर लागू पडतो, व्हेल्वेट कमी खारट पाण्यातही आरामात जगतं.

मुख्य टँकमध्ये आता एकही मासा नसला पाहिजे. एकही म्हणजे एकही, दगडामागे लपलेला छोटा गोबीसुद्धा नाही. माशाशिवाय परजीवी उपाशी मरतो. फक्त व्हेल्वेट असेल तर ६ आठवडे पुरतात, पण पावडर ब्लू टँग पांढरे ठिपकेही घेऊन येण्यासाठी बदनाम आहे, म्हणून ७६ दिवस ठेवा. या काळात श्रिंपला आठवड्यातून दोन-तीनदा चिमूटभर खाणं घाला म्हणजे फिल्टरमधले जिवाणूही जगतील. अन् एक, तीन फुटांच्या टँकमध्ये पावडर ब्लू टँग पुन्हा आणू नका. त्याला पाच-सहा फुटांची मोकळी पोहण्याची जागा लागते, अडचणीत तो ताणाखाली राहतो आणि रोग आधी त्यालाच धरतो.

आता ज्यांच्याकडे श्रिंप किंवा गोगलगाई आधी मेल्या आणि मासे नंतर, किंवा मासे नुसतेच सुस्त झाले, त्यांच्यासाठी. तिथे परजीवी शोधत बसू नका, विष शोधा. मुंबईत ते तीन वाटांनी येतं.

पहिली वाट हवेची. स्किमर दर मिनिटाला खोलीतली हवा ओढून पाण्यात घुसळतो आणि एअर पंपही तेच करतो. डासांसाठी रात्रभर लावलेलं लिक्विड मशीन, पावसाळ्यात गल्लीतून जाणारी धूर फवारणी, झुरळांचा स्प्रे, सगळं या वाटेने संपमध्ये उतरतं. गणपतीच्या आधी मखराला हॉलमध्येच मारलेला स्प्रे पेंटही यातलाच. टँकखालच्या कपाटात डांबरगोळ्या ठेवणारेही भेटतात, आणि संप त्याच कपाटात असतो. फवारणी असेल त्या दिवशी स्किमर आणि एअर पंप बंद, टँक आणि कपाट प्लास्टिकने झाकलेलं, वेव्हमेकर चालू. खोलीच्या खिडक्या उघडून हवा बदलली की तीन-चार तासांनी परत सुरू. विष गेल्याचा संशय आला तर लिटरला एक ग्रॅम ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि ५० टक्के पाणी बदल, लगेच. हातापायांना डासांचं क्रीम लावून टँकमध्ये हात घालणं हे सगळ्यात साधं कारण, आणि ते कुणीच कबूल करत नाही.

दुसरी वाट पाण्याची. महापालिकेचं पाणी फार कठीण नसतं, त्यामुळे लोकांना वाटतं घरातल्या आरओचं चालेल. घरगुती आरओ पिण्यासाठी बनवलेला असतो. चव यावी म्हणून त्यातला टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो, काहींत मिनरल कार्ट्रिज असतं, आणि हल्लीच्या बऱ्याच मॉडेलांत तर ‘कॉपर’ कार्ट्रिज असतं. माणसाला चालणारं तांबं श्रिंपला आणि गोगलगाईला मारतं. माशांना लगेच काही होत नाही, म्हणून कारण सापडत नाही. वेगळा आरओ-डीआय (आरओनंतर उरलेले क्षार रेझिनने काढणारा फिल्टर) लावा आणि टीडीएस मीटरवर ० ते ५ च्या वर गेलं की डीआय रेझिन बदला. पावसाळ्याआधी सोसायटीची टाकी धुतली की पुढचे दोन-तीन दिवस क्लोरीन जास्त येतो, आणि आरओचा कार्बन फिल्टर संपलेला असेल तर तो थेट पुढे जातो. टाकी धुण्याची नोटीस लागली की पाणी आधीच साठवून ठेवा. समुद्राचं पाणी आणणारेही आहेत. मुंबईच्या किनाऱ्यावर सांडपाणी येतं आणि पावसात वरचा थर गोडसर होतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

तिसरी वाट सामानाची. मीठ मिसळायला घेतलेला जुना निळा ड्रम आधी कशाचा होता, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. वेव्हमेकरच्या किंवा काच घासायच्या मॅग्नेटचं प्लास्टिक तडकलं की आतलं चुंबक गंजतं. तडा केसाएवढा असतो, बोटाने चाचपून आणि कडेला तपकिरी डाग बघूनच कळतो. विजेच्या शॉकसाठी मात्र विष शोधू नका, टँकच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा, लोहार चाळीत मिळतो. तो माशांपेक्षा तुमच्यासाठी आहे.

मिठाचा स्वतःचा एक खास पावसाळी प्रश्न आहे. जुलैत पिशवी उघडी राहिली की मीठ ओल खेचून दगड होतं. मग वजन चुकतं, लिटरसाठी घेतलेल्या ३५ ग्रॅममध्ये काही ग्रॅम नुसतं पाणीच असतं, आणि विरघळल्यावर तळाशी पांढरा गाळ बसतो. झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वजनावर नाही, रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबातून खारटपणा मोजणारी दुर्बीण) भरवसा ठेवा. तोही आरओच्या पाण्याने शून्यावर लावून पुरत नाही, ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) प्रमाणित द्रावणाने तपासा. काट्याच्या प्लास्टिक हायड्रोमीटरवर एखादा बुडबुडा चिकटला तरी तो जास्त दाखवतो.

सगळे मासे एकाच रात्रीत गेले, तोंडं उघडी, कल्ले फाकलेले, मोठे आधी? तो ऑक्सिजन. इथे एक गैरसमज आहे की गरम पाण्यात ऑक्सिजन उरतच नाही. २६ अंशांवर समुद्री पाण्यात लिटरला साधारण ६.६ मिलिग्रॅम मावतो, ३१ अंशांवर ६.१ च्या आसपास, म्हणजे दहा टक्केसुद्धा कमी होत नाही. पण पाच अंशांनी माशाची गरज जवळपास दीडपट होते. त्यात रात्री शेवाळही ऑक्सिजन खातं. मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये टँक ३१ वर असेल तर दिवसा निभावतं आणि पहाटे चारला तुटतं. पंखा लावून टँक थंड करायचा उपाय बाष्पीभवनावर चालतो. मार्चमध्ये तो दोन-तीन अंश उतरवतो, जुलैच्या दमट हवेत जेमतेम एखादा. चिलर नसेल तर निदान वेव्हमेकरचं तोंड वर करा, पृष्ठभाग सतत उसळता राहिला पाहिजे, त्यावर तेलकट साय दिसता कामा नये.

मुंबईकर बॅकअप ठेवत नाही, कारण इथे लाइट क्वचित जाते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रीड कोसळलं आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली, काही भागांत वीज यायला कित्येक तास लागले. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवा. तोही नसेल तर दर पाच-दहा मिनिटांनी प्लास्टिकच्या मगाने पाणी काढून फूटभर उंचीवरून ओतत राहा, वेडेपणा वाटेल पण मासे त्यावर तगतात. आणि कॅनिस्टर (बंद डब्याचा) फिल्टर असेल तर लाइट दोन तासांहून जास्त गेल्यावर तो तसाच सुरू करू नका. बंद डब्यातला ऑक्सिजन संपून जिवाणू मेलेले असतात, सडकं पाणी तयार झालेलं असतं. पंप चालू झाला की ते सगळं टँकमध्ये. आधी उघडा, नाकाला अंड्यासारखा वास येतो का बघा, ते पाणी फेका, स्पंज टँकच्या पाण्यात खंगाळा, मग जोडा. लाइट नसताना नाही, लाइट आल्यावर मासे मेले असं जिथे ऐकू येतं, तिथे बहुतेक वेळा हेच असतं.

शेवटचं चित्र: जुने मासे ठीक, फक्त नवे टिकत नाहीत. चोवीस तासांत मरत असतील तर पिशवी आणि ग्रॅव्हिटी. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने पीएच खाली जातो आणि अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो. ७.८ वरून ८.३ झाला तरी विषारी अमोनिया जवळपास तिप्पट होतो. म्हणून लांबून, विमानाने आलेल्या माशाला दोन तास थेंबथेंब पाणी सोडत ठेवणं म्हणजे त्याला अमोनियात शिजवणं. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं तरंगवा, तापमान जुळलं की उघडा आणि मासा लगेच, पिशवीतलं पाणी न घेता, आधीच ग्रॅव्हिटी जुळवून ठेवलेल्या क्वारंटाइन टबात सोडा. ग्रॅव्हिटी जुळवायची कशी, तर दुकानात विचारायची. मीठ वाचावं आणि परजीवी दबून राहावेत म्हणून काही दुकानांत ती १.०१८ वर असते. तिथून माशाला थेट १.०२५ वर टाकलं तर त्याच्या शरीरातलं पाणी बाहेर ओढलं जातं. टब १.०१८ वर सुरू करा आणि दिवसाला ०.००२ पेक्षा जास्त वाढवू नका. खाली उतरवणं मासे सहन करतात, चढवणं नाही.

दोन-तीन आठवड्यांनी, नीट खात असूनही मासा वाळत जाऊन मेला, तर पकडताना सायनाइड वापरल्याची शक्यता असते. इंडोनेशिया आणि फिलिपिन्सकडच्या माशांत हे होत आलंय, घरी ते तपासायची सोय नाही. फाटलेले पर, सकाळी गायब झालेला मासा, कोपऱ्यात दबलेला मासा यांचं कारण मात्र बहुतेकदा दुसरा मासा असतो. रात्री लाल दिव्यात अर्धा तास बघत बसा, गुंड कोण ते कळेल.

तुमच्या टँककडे परत. ७६ दिवसांत नवीन काहीही ओलं आत जाऊ देऊ नका. माशांच्या टँकमधून आलेल्या गोगलगाईच्या शंखावर किंवा दगडावर परजीवीची गाठ चिकटून येते. रिकामा टँक सजवायला कुणी लाइव्ह रॉक (समुद्रातला, जीव असलेला दगड) किंवा कोरल सुचवेल, तर तो धोका तर आहेच, शिवाय दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. सजवायचंच असेल तर सिरॅमिकचा कोरडा दगड घ्या. जाळी, बादली, सायफनची नळी टबासाठी वेगळी, त्यांवर लाल टेप लावा. आणि टब टँकपासून शक्य तितका लांब, दुसऱ्या खोलीतच ठेवा, कारण एअर स्टोनच्या तुषारांतूनही व्हेल्वेटची पिल्लं उडून शेजारच्या पाण्यात पडतात.